पलंगाखालच्या बॅटऱ्या

४ मार्च, मंगळवार

सडक्या अंड्यांचा वास! डोळे उघडले ते त्या वासानेच. पलंगाखालची फळी उचलली तर बॅटऱ्या पोट फुगवून बसलेल्या. हात लावला — चटका! धावत बोटीच्या टपावर जाऊन सोलर पॅनेलचा खटका पाडला. आम्ही दोघं त्यांच्यावरच झोपलो होतो. एखादी ठिणगी पडली असती तर बोटीसकट आमचा धूर झाला असता.

चार्ज कंट्रोलरची चकती भलत्याच खुणेवर होती. आमच्या बॅटऱ्या सीलबंद आणि चकती पाणी घालायच्या बॅटऱ्यांवर. पॅनेलला 'आता पुरे' कधी म्हणायचं, ते त्या चकतीवर ठरतं. ती काही आपोआप फिरत नाही. यांना विचारलं, "तुम्ही हात लावलात?"

"लावला असेल गं. लक्षात नाही." एवढंच म्हणाले.

५ मार्च

लेकीला काही कळू दिलं नाही. कळलं की लगेच सुरू — "झालं, विका ती बोट आणि या इकडे." तिच्या तिसऱ्या मजल्यावर हे महिनाभरात सुकून जातील. जन्म पाण्यावर गेलेला माणूस.

पण यांचं विसरणं वाढलंय, हे मलाही दिसतंय की! परवा शेगडीचा गॅस चालूच. त्याआधी माझा चष्मा साखरेच्या डब्यात. हे हसून म्हणाले, "माझंच डोकं फिरलंय, सोड." मला हसू येईना. आज चकती, उद्या काय?

८ मार्च

मी सोलरच्या दुकानात गेले. दुकानदार — आम्ही त्याला आपसात व्होल्टशेठ म्हणतो — म्हणाला, "आजी, एकच मोठा कंट्रोलर घ्या ना. दोन्ही बॅटऱ्यांना पुरेल."

म्हटलं, "अरे बाबा, पलंगाखाली आता लिथियम येणार, इंजिनाला जुनी शिशाचीच राहणार. तान्ह्या बाळाला आणि पैलवानाला एकच खुराक घालशील का?"

"आजी, तुम्हीच बसा गल्ल्यावर. मी जातो घरी!"

बरं वाटलं. शाळेत विजेचा धडा कधी वाचला नाही मी. जे आलं ते माहितीपुस्तकं चाळून नि झटके खाऊन.

मग हळूच विचारलं, "चकती नसलेला आहे का? ज्याला कुणी येता-जाता हात लावणार नाही असा?" त्याने एमपीपीटी जातीचा दाखवला. सेटिंग फोनवरून, तेही पिन टाकला तरच. ढगाळ दिवशीही पॅनेलमधून जास्त पिळून काढतो, वगैरे पुष्कळ सांगत होता. माझं लक्ष त्या पिनवरच. तसले दोन घेतले.

९ मार्च

नवी लिथियम बॅटरी नि दोन्ही कंट्रोलर बसवले. आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल; उलटं केलं की कंट्रोलर गोंधळतो. हे तारा धरून उभे होते. हात कसा स्थिर, आधीसारखाच.

पिन टाकताना मी फोन वळवून धरला. यांच्यापासून! यांनी बघितलं आणि खिडकीबाहेर पाहू लागले. पण जीव वाचायला हवेत. आकडा कुणाला सांगितला नाही. इथेही लिहीत नाही.

१३ मार्च

वास नाही. शांत झोप लागली.

१६ मार्च

फोन उघडून बघितला. पलंगाखालचा कंट्रोलर 'शिसं'वर! लिथियमला शिशाचा खुराक! बॅटरीच्या आतल्या संरक्षक सर्किटने वेळीच चार्जिंग तोडलं म्हणून निभावलं. पॅनेलचा खटका पाडून ठेवलाय.

कंट्रोलरच बिघडलेला निघाला, दुसरं काय! व्होल्टशेठला फोनवर फैलावर घेतलं. तो आपला शांत. "आजी, पिन टाकल्याशिवाय ते बदलतच नाही हो. कुणाला दिलाय का?"

कुणालाच नाही.

फोन ठेवला. हे समोर दोर गुंडाळत बसले होते. सगळं ऐकलं असणार. मान वर केली नाही.

१७ मार्च

सकाळी मी यांच्यासमोर जाऊन बसले. "खरं सांगा. तुम्हाला माहीत आहे."

यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "परवा दुपारी तू फोन घेऊन बसली होतीस. म्हणालीस, इंजिनाच्या बॅटरीचं सेटिंग करते. मला वाटलं, तुला कळतं त्यातलं."

"आणि ती जुनी चकती?"

"तूच फिरवलीस."

"गॅस? चष्मा?"

यांनी माझा हात हातात घेतला. "म्हटलं होतं ना, माझंच डोकं फिरलंय म्हणून."

"का म्हटलंत तसं?"

"तू घाबरली असतीस गं."

परवाची दुपार शोधतेय. ढग होते का? काय जेवलो आम्ही? काही नाही. कोरी.

१८ मार्च

आज यांनी नवा पिन टाकला. मी पाठ फिरवून उभी राहिले.