मोटारीच्या पोटातला भुसा

१२ जानेवारी १९३४, महाड

पुन्हा तेच! दवाखान्यापुढच्या चढावर मोटार अडली. हे गियरचा दांडा ढकलताहेत आणि तो जागचा हलत नाही. मग खर्रर्र! शेवटी चौघांनी ढकलत घरी आणली. डॉक्टर ढकलगाडीतून हिंडतात, असं म्हणून बाजार हसला असेल.

दोनच महिने झाले ही जुनी मोटार मुंबईहून आणून. पोलादपूरकडचे लोक आजारी माणसाला डोलीत घालून आणतात, तोवर उशीर होतो — म्हणून घेतली. आणि ही अशी दारात उभी.

१४ जानेवारी

मोटारीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक वाचून काढलं. माझ्या मॅट्रिकचं आज चीज झालं! गियरच्या पेटीत जाड तेल असतं, ते मधूनमधून बदलावं लागतं. ह्यांना विचारलं, ‘आपण कधी बदललं?’ म्हणाले, ‘तिथंही तेल असतं?’ माणसाचं पोट न घाबरता उघडणारा माणूस!

मिस्त्री आणायचा तर मुंबईहूनच. म्हटलं, मीच बदलते. हे हसले. मग हसायचे थांबले. ‘सुनीती, खरंच जमेल तुला?’

१९ जानेवारी

तेलाचा डबा आगबोटीनं आला. सासूबाईंनी हुंगला. ‘फोडणीला चालेल का?’ चेष्टा की राग, त्यांचं कधी कळत नाही.

२१ जानेवारी

झालं! झालं!

तेल गरम असलं की पातळ होऊन वाहतं, म्हणून आधी ह्यांनी जागच्या जागी अर्धा तास इंजिन चालू ठेवलं. मग बंद करून चाकांना दगड लावले. मी कासोटा घट्ट मारला, गोणपाट अंथरलं आणि मोटारीखाली सरकले. ह्यांचं पोट तिथं मावलंच नसतं! गियरच्या पेटीचं खालचं बूच पान्यानं फिरवते तर हलेना. पाय भिंतीला लावून जोर केला — कट्! काळं तेल माझ्या कोपरापर्यंत.

पण ते तेल नव्हतंच. पिठल्यासारखं लगदा-लगदा पडत होतं घमेल्यात. बोटांवर घेऊन चोळलं. लाकडाचा भुसा! विकणाऱ्यानं पेटीचा आवाज दाबायला भुसा कोंबला होता. म्हणून गियरचे दात अडकत होते. हे इतके चिडले, की दुसऱ्या क्षणी हसायलाच लागले. ‘रोगाचं निदान तू केलंस,’ म्हणाले.

आता आधी रॉकेल घालून पेटी धुवायची, मग नवं तेल भरायचं. पण आत घालायचं कसं? भोक बाजूला आणि अडचणीत, नरसाळं पोचेना. हे दवाखान्यात गेले आणि एनिमाचं भांडं-नळी घेऊन आले! हे वर भांडं धरून उभे, मी खाली नळी धरून. तीनदा रॉकेलनं धुतलं, खालचं बूच बसवलं, मग नवं तेल सोडलं. भोकातून तेल बाहेर ठिबकायला लागलं की पेटी भरली, असं पुस्तकात आहे. ठिबकलं!

सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, ‘डॉक्टरची बायको रस्त्यात आडवी. बघतंय सगळं गाव.’ बघू दे.

मोटार आता जास्त ओरडते. पण गियर लोण्यात सुरी जावी तसा पडतो!

२२ जानेवारी

नखांतलं काळं जात नाही. चिंच झाली, राख झाली. राहू दे.

२९ जानेवारी

गांधारी नदीकाठच्या माळावर ह्यांनी मला मोटार शिकवायला घेतली. रोज सकाळी. एक म्हैस थोडक्यात वाचली.

३ मार्च

सकाळीच कापड्याहून हैबती धावत आला. ‘डाक्तर सायब, मैना अडली हाय. दोन दिस झालं, सुटत नाय.’ मैना त्याची बायको, पहिलटकरीण. मदतीला मीही गेले. पोलादपूर सोडून कापड्यापर्यंत मोटार धुरळा उडवत गेली, एकदाही अडली नाही.

ह्यांनी तपासलं आणि मला बाजूला घेतलं. ‘इथं नाही होणार. दवाखान्यात न्यायला हवं. पण वाटेत मला तिच्याजवळ बसावं लागेल.’ माझ्याकडे बघत राहिले. मला कळलं.

मी स्टिअरिंगच्या चाकाशी बसले. शेजारी हैबती, दोन्ही हातांनी दार धरून. मागं मैनाचं कण्हणं, ह्यांचा शांत आवाज — ‘जोर नको करू, बाई.’ उतार, वळण, बैलगाड्या. हैबती सारखा म्हणत होता, ‘हळू गो ताय... नाय नाय, लवकर गो!’

सव्वा तासात महाड. चिमटे लावावे लागले. पण मुलगी झाली, रडली! मैनाही शुद्धीवर आहे. हैबती दवाखान्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडला, मग मोटारीच्या पाया पडला, मग माझ्या. मीही रडले. काय हा दिवस!

घरी आले तर आंघोळीला पाणी सासूबाईंनीच काढून ठेवलं होतं.

१९ मार्च

अलिबागहून सरकारी लखोटा, माझ्या नावानं! मोटार चालवण्याच्या परवान्यासाठी परीक्षेला हजर राहावं. मी अर्ज केला नव्हता. ह्यांनीही नाही.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. ‘वकिलांकडून मी लिहवून घेतला,’ म्हणाल्या. ‘वाईला माझी बहीण आहे. एकवीस वर्षं कुणी नेलं नाही मला. तू ने.’