सोन्याची शेंग

१२ मार्च, शनिवार

मगर नाही, मेंढा नाही, मुखवटा तर नाहीच. शेंग! भुईमुगाची शेंग घडवणार मी सोन्यात. ठरलं!

मामा गेले आणि घराण्याच्या सोन्याची पेटी माझ्याकडे आली. आमच्यात ती मामाकडून भाचीकडेच येते. आता मी माझा एक दागिना तिच्यात घालायचा, ईस्टरला सगळं कूळ गावी जमेल तेव्हा. मामांनी सोन्याची मगर घातली होती.

लुकूदादा आबिजान शहरातून फोनवर ओरडला, "अमेनान, डोकं फिरलंय का तुझं? पूर्वज म्हणतील, या घरावर उपासमार आली!" म्हणू देत. आईने जन्मभर शेंगा पिकवल्या, मामांनी त्या डोक्यावरून बाजारात नेल्या. त्यावर आम्ही वाढलो. मगरीने कधी कुणाला जेवू घातलंय?

१४ मार्च

सापडली! आईच्या वावरातली. दोन टपोरे दाणे, मधे बारीक कंबर. अफुए मावशीला दाखवली – "हा दाणा आई, हा मामा." मावशी नुसतं "हं" म्हणाली आणि उठून गेली.

धास्तीच बसली. आमच्यात नवा दागिना आधी घरातली सगळ्यांत मोठी बाई गळ्यात घालते. तिने नको म्हटलं की संपलं, पेटीत जात नाही. आणि आई गेल्यापासून मोठी कोण? मावशीच!

१७ मार्च

मावशीने शेंग खाल्ली!!

चुलीपाशी टरफलं पडलेली. "भूक लागली होती," म्हणे. घरात पोतंभर शेंगा आहेत, आणि बाईसाहेबांना हीच सापडली! सोनं ओतेपर्यंत घरात भांडायचं नसतं, नाहीतर सोनं साच्यात नीट उतरत नाही. म्हणून दातओठ खात कोनफळं कुटत बसले. इतकं मऊ कुटलं गेलं की शेजारीण विचारायला आली, आज काय विशेष?

१९ मार्च

दुसरी शेंग घेऊन ब्रू सोनाराकडे गेले. तो म्हणतो, "तुझी राहू दे. साचा झालाय."

झालाय?! शेंगेवर माती लिंपून, भट्टीत भाजून मोकळासुद्धा. आतली शेंग जळून राख. आता तिच्या जागी सोनं ओतायचं.

"शेंग दिली कुणी?"

"सांगू नको म्हटलंय."

"अरे, पण कुणी म्हटलंय?"

"तेच तर सांगायचं नाही ना!"

भांडायचं नसतं. हसून परत आले. आतून जळत होते.

२२ मार्च

ब्रूने साचा फोडला. श्वास रोखून बसले होते. एकदा बिघडलं तर ते सोनं पुन्हा वितळवायचं, आणि तशीच शेंग पुन्हा कुठून आणायची?

उतरली! टरफलावरच्या रेघासुद्धा उमटल्यात. पण ही तीन दाण्यांची. माझ्या शेंगेपेक्षा सुंदर – कबूल करते, इथेच फक्त. आता मावशी काय म्हणते कोण जाणे.

२७ मार्च, ईस्टर

काय दिवस होता!

अंगण माणसांनी भरलेलं. पूर्वजांना पेय वाहून झालं, पांढऱ्या कापडावर सगळं सोनं मांडलं. माझी शेंग दोऱ्यात ओवून मावशीपुढे धरली. मावशीने ती उलटीपालटी केली. प्रत्येक दाण्यावर अंगठा फिरवला. दादा कुजबुजला, "तरी सांगत होतो, मगर कर."

मावशीने मान पुढे केली!

मग काय! ढोल सुरू झाले आणि काठी टाकून म्हातारी नाचली. गळ्यात शेंग उड्या मारतेय, पोरीबाळी मागे धावतायत. दादाच सगळ्यांत जोरात टाळ्या पिटत होता, लबाड!

२८ मार्च

सकाळी दोघीच होतो. विचारलं, "मावशी, माझी शेंग का गं खाल्लीस?"

ती शेंगा सोलत होती. मान वर केली नाही. "ब्रूकडे दुसरी मीच दिली. तुझ्या शेंगेत माझी ताई होती, माझा दादा होता. आम्ही तिघं भावंडं, अमेनान. मी कुठे जायचं?"