शेवटी चढतं ते आधी उतरतं

प्रिय एर्नान,

गुडघे सोडले तर माझं सगळं बरं आहे, आणि मी चिडले आहे. फोनवर तुझ्यावर नीट चिडता येत नाही. मी तोंड उघडलं की तू मध्येच 'आई, कार्ड संपतंय' म्हणतोस आणि माझा राग तोंडातल्या तोंडात विरघळतो. म्हणून कागद घेतला. मी दुसरीपर्यंत शिकले, त्यातलीही अर्धी शाळा मास्तरीणबाईंच्या कोंबड्या राखण्यात गेली, तेव्हा अक्षराला हसू नकोस. शेजारच्या नुबियाची मुलगी तुमच्या वालेन्सियाला निघाली आहे, तिच्याकडे हे पत्र देणार. सोबत आपल्या घरची कॉफीही बांधली होती. पण तुला काय काय लिहायचं ते मनात आठवता आठवता राग इतका चढला की पुडी पिशवीतून परत काढून ठेवली.

तुझ्या बाबांची विलिस जीप तू सालेंतोच्या रस्त्यावरच्या हॉटेलवाल्याला देऊन मोकळा झालास. मला विचारलं नाहीस. जीप कागदावर तुझ्या नावाची आहे, मान्य. बाबांनीच केली तुझ्या नावावर. तो हॉटेलवाला स्वतः बघायला आला होता. त्याचे बूट इतके स्वच्छ की बिचाऱ्याला आपल्या अंगणात पाय कुठे टाकावा कळेना. म्हणाला, "आजी, तुमची जीप आमच्या दिवाणखान्यात उठून दिसेल. फक्त इंजिन काढून टाकू, फरशीवर तेल गळतं ना. त्या जागी फुलझाडं लावू." मी म्हटलं, तुमच्या छातीत कुठलं झाड लावायचं तेही आत्ताच ठरवून टाका. लूस हसून हसून चाकावर बसली. तो मात्र हसला नाही. तुझ्याशी बोलणं झालंय म्हणाला, आणि मी गप्प बसले, कारण परक्या माणसासमोर लेकाला खोटं पाडायचं नाही ही मला माझ्या आईची शिकवण. तळपायाची आग मस्तकाला गेली होती ती वेगळी.

लूस काय करते आहे ते तुला ठाऊक तरी आहे का? तुझ्या बहिणीची, फाबिओलाची पोर. मागच्या कॉफीच्या तोडणीनंतर तिने जीपवरची ताडपत्री ओढली, आतून उंदरांचं अख्खं गाव बाहेर पळालं, आणि ती म्हणाली, "आजी, मी हिला चालती करणार." मला वाटलं दोन दिवसांची हौस. पण तिने जीप ढकलत ढकलत कॉफी वाळवायच्या पटांगणात, त्या सरकत्या छपराखाली आणली. ऊन असलं की छप्पर उघडायचं, कॉफी आणि लूस दोघी उन्हात. पाऊस आला की सरकवून बंद, दोघी कोरड्या. एवेलियो मिस्त्री रोज यायला लागला. त्याचं वय झालं, हात थरथरतो, पण पाना हातात घेतला की थरथर थांबते आणि तोंड सुरू होतं. लूस कुठूनतरी जुन्या विलिसची चित्रं घेऊन आली होती, म्हणे कारखान्यातून निघाली तशी करायची, बोल्टसुद्धा तेच. एवेलियो म्हणाला, "पोरी, या डोंगरातल्या जीपमध्ये मूळचं एकच टिकलंय, ड्रायव्हरच्या शिव्या. बाकी सगळं शेजाऱ्यांचं." आणि खरंच निघालं तसं. स्प्रिंगचे पाटे दुसऱ्याच गाडीचे, एक दिवा ट्रकचा, आणि जमिनीचा पत्रा एका ठिकाणी चक्क चरबीच्या डब्याचा, त्यावर डुकराचं चित्र अजून दिसत होतं. लूसने तो पत्रा काढला पण फेकला नाही, स्वयंपाकघरात टांगलाय.

माझं सगळ्यात मोठं पातेलं गेलं या प्रकरणात. तेच, ज्यात नाताळचं सूप होतं. एवेलियोने त्यात इंजिनचे तुकडे सोड्याच्या पाण्यात उकळले. मी ओरडले तर म्हणतो कसा, "ओलिव्हाबाई, चव बघा, मीठ कमी वाटतंय." त्याला मक्याची भाकरी दिली नाही त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी दोन दिल्या. खरं सांगू? मला इतकी मजा किती वर्षांत आली नव्हती. पोरीने ब्रेकला नवे पट्टे लावले, चारही चाकांना ताकद देणारा तो छोटा दांडा कित्येक वर्षं गंजून अडकलेला, तो तेल पाजून पाजून मोकळा केला. जसा जसा रंग घासत गेली तसे खालून रंग निघत गेले. वर लाल, त्याखाली हिरवा, त्याखाली तो निळा, ज्या निळ्यावर बाबांनी माझं नाव लिहून घेतलं होतं आणि रंगाऱ्याने एक अक्षर खाल्लं होतं. मी दिवसभर अंगणात खुर्ची टाकून बसायची, कॉफी खालीवर करायचं सोंग करत.

एक दिवस लूसला मागच्या कोपऱ्यात, उजव्या बाजूला, रंगाच्या थरांखाली एक कडी सापडली. लहानशी, बोटभर जाड, वेडीवाकडी जोडलेली. तिने चित्रात बघितलं, चित्रात नाही. एवेलियोला विचारलं, तो म्हणाला ही कारखान्याची नाही, आणि सामान बांधायलाही नाही, ओझ्याला ही बिचारी पहिल्या वळणावर तुटेल. मग कापून टाकू, लूस म्हणाली. करवत आणायला उठली. मी म्हटलं, हात लावलास तर तो हात कापीन. पोरगी बघतच राहिली. मी तिला कधी तसं बोलले नव्हते. कारण विचारलं तिने, मी सांगितलं नाही. ते आधी तुला सांगायचं होतं, आणि तुला सांगायची वेळ येईल असं मला वाटत नव्हतं. पण फोनवर तू जे बोललास त्यानंतर वेळ आली.

काय बोललास ते आठवतं का? मला शब्दन् शब्द आठवतो. "आई, नुसतं लोखंड आहे ते. आणि त्याच लोखंडावर तुम्ही मला कोंबडीसारखं बांधून आणलं होतं. फाबिओला तुझ्या मांडीवर, मी सामानावर." हसत बोललास. पण ते हसू मला ओळखता येतं, तू सहा वर्षांचा असताना पडलास की असंच हसायचास, गुडघ्यातून रक्त येत असताना. म्हणजे एवढी वर्षं हे मनात धरून बसला होतास. समुद्रापलीकडे गेलास तेही बरोबर घेऊन गेलास. आणि मला एका शब्दाने विचारलं नाहीस. याचाच राग आहे मला. हॉटेलवाल्याचा राग त्यापुढे पोरखेळ.

तर आता ऐक, मध्ये बोलू नकोस, इथे कार्ड संपत नाही.

वरच्या डोंगरातलं आपलं घर सोडायला लावलं ते तुला माहीत आहे. बंदुकवाले आले आणि उद्याच्या उजेडात इथे दिसू नका म्हणून गेले. आमच्या वाडीत सगळ्यांचं तसंच झालं. आपल्याकडे सगळं जीपने मोजतात, जीपभर केळी, जीपभर कॉफी. त्या दिवशी कळलं की संसारही जीपभरच असतो. त्यात मावेल तो आपला, राहील तो त्यांचा. सामान मी भरलं. ते बायकांचंच काम, कारण उतरल्यावर आधी काय लागेल ते बाईलाच ठाऊक. शेवटी चढतं ते आधी उतरतं, माझी आई म्हणायची. पलंगाच्या फळ्या खाली, त्यावर मक्याची पोती, टेबल पालथं, टेबलाच्या पायांत कोंबड्यांची टोपली. मग कार्मेनच्या मातेची, आपल्या ड्रायव्हरांच्या देवीची तसबीर, मग चूल, कारण पोचल्यावर आधी चूल. आणि सगळ्यांत शेवटी तू.

खाली उतरणाऱ्या रस्त्यावर आठवडाभरात दोन जीप थांबवल्या होत्या. थांबवून काय केलं ते तुला लिहीत नाही. गोळी आधी ड्रायव्हरला शोधते आणि मग त्याच्या शेजारच्याला, एवढंच लिहिते. पुढच्या दोन जागा म्हणजे बाबा आणि मी. फाबिओला अंगावर पीत होती, तिला दुसरीकडे ठेवणार कुठे? पण तू धावू शकत होतास. बाबांनी गादीची वळकटी मागच्या उजव्या कोपऱ्यात उभी बांधली आणि तिच्यामागे तुझी जागा केली. समोरून कोणाला दिसणार नाही अशी. त्याच दिवशी लोहाराकडून घाईघाईत ती कडी जोडून आणली होती. तुझ्या कमरेची दोरी त्या कडीतून ओवली, अशा गाठीने की एक हिसका दिला की सुटावी, आणि तिचं टोक बाजूने पुढे आणून माझ्या हातात दिलं. उजवीकडे उतार होता, उतारावर कॉफीची झाडं. जीप थांबवली तर मी दोरी ओढायची, तू वळकटीमागून घसरत झाडांत, आणि तिथून ओढ्याच्या काठाने सरळ तुझ्या मावशीच्या घरी. तुला आम्ही शर्यत म्हणून सांगितलं होतं. आई दोरी ओढेल तेव्हा घसरगुंडी, मग मागे न बघता पळायचं, मावशीकडे आधी पोचेल त्याला मोठा गुळाचा खडा. तुला ती शर्यत आठवत असेल. शर्यत झालीच नाही म्हणून दोन दिवस रुसला होतास.

पुलाच्या वळणावर ते उभे होते. बाबांनी जीप थांबवली. मी दोरी हाताला गुंडाळली. एकजण पुढे आला, काचेतून आत बघितलं, फाबिओलाकडे बघितलं, मग मागे जाऊन टोपलीतल्या दोन कोंबड्या घेतल्या आणि हाताने इशारा केला, जा. दोरी ओढावी की ओढू नये, ओढली आणि तू घसरलेला त्यांना दिसलास तर, एवढ्या सगळ्यात मी फक्त बसून राहिले. खाली पोचेपर्यंत तू कोंबड्यांसाठी रडत होतास. जीप थांबल्यावर मी चुलीच्या आधी, देवीच्या आधी तुला उतरवलं, आणि तुला इतकं घट्ट धरलं की तू मला चावलास. मी हसले. वेडी झाल्यासारखी हसले.

हे तुला कधीच सांगितलं नाही. काय सांगणार होते, की बाळा, आम्ही आमचं तिघांचं संपलं असं धरून चाललो होतो आणि फक्त तुला वगळलं होतं? लहान पोराच्या डोक्यावर ते ओझं कोण ठेवील. नंतर तू मोठा झालास आणि तुझ्याशी बोलायचं म्हणजे तुझ्या वेळा बघाव्या लागायला लागल्या. पण तू सामान नव्हतास, एर्नान. त्या जीपमध्ये सुटायची वाट एकाचीच होती आणि ती तुझी होती. बाबांनी जीप तुझ्याच नावावर का केली, फाबिओलाच्या का नाही, हे तरी विचारायचं होतंस.

आता बातमी. जीप चालू झाली. तीनदा खोकली, धुराचा लोट काढला, कोंबड्या झाडावर, आणि मग असा आवाज धरला की नुबिया भिंतीवरून डोकावून रडायलाच लागली. एवेलियोने टोपी काढली. लूसने मला पुढच्या सीटवर बसवून कालार्काच्या चौकाला फेरी मारून आणलं. या सणाला जीपच्या मिरवणुकीत आम्ही घर हलवताना लादतात तसा संसार जीपवर रचायच्या गटात उतरणार आहोत, सामान माझं, भरणार मी. लोक नवी-जुनी भांडी उसनी आणून सजवतात, माझं सगळं खरं आहे.

काल हॉटेलवाल्याची माणसं ओढायची गाडी घेऊन आली. मी त्यांना कॉफी दिली, बिचारी सांगकामी पोरं, आणि म्हटलं, न्या, पण गाडी रिकामी नाही. मी आदल्याच दिवशी ती भरून ठेवली होती. पलंग, मक्याची पोती, पालथं टेबल, टोपलीत कोंबड्या, कार्मेनची माता, चूल. त्यातला एक म्हणाला, "उतरवतो की आजी, किती वेळ लागणार." मी म्हटलं, तसं होत नाही रे बाबा. आमच्यात शेवटी चढतं ते आधी उतरतं, त्याआधी दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही, आणि शेवटचं अजून चढलेलं नाही. मग ते कुठे आहे, त्याने विचारलं. म्हटलं, वालेन्सियात. पोरं एकमेकांकडे बघत कॉफी संपवून निघून गेली. म्हणून हे पत्र, एर्नान. गादीची वळकटी मागच्या उजव्या कोपऱ्यात उभी आहे, दोरी कडीत ओवलेली आहे. माझा पलंग जीपमध्ये आहे आणि मी जमिनीवर झोपते, या गुडघ्यांनी. चूलही वरच आहे, नुबियाकडे जेवते आणि तिच्या हाताला मीठ नाही. किती दिवस असं चालवायचं ते आता तू ठरव. कॉफीची पुडी परत पिशवीत घातली आहे, पण थोडीशीच. बाकीची इथे येऊन पी.

तुझीच, आणि अजून रागातच,
आई