सुट्टीत पाहिलेली वाडी

अण्णा, परवा तुमच्यावर प्रबंध लिहिणारी एक मुलगी आली होती. "आदिवासींना न्याय देणारे लेखक," असं ती म्हणाली. न्याय! त्या पोरीला काय बोलणार? तुम्हालाच सांगते.

कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवून सुट्टीत तुम्ही कातकऱ्यांच्या वाड्या हिंडायचात. पिंपरीच्या पुढच्या माळावरची वाडी तुम्ही तीनदा पाहिलीत, तिन्ही वेळा नाताळात. दिवाळी सरली की ती माणसं दाराला काटेरी फांद्या लावून कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाआधी परत येतात. तुम्ही फांद्या पाहिल्यात, चुलीतली गार राख पाहिलीत आणि लिहून टाकलंत की या लोकांची कायमची वस्तीच नाही. ते वाक्य मी टाइप केलं. माझं कॉन्व्हेंटातलं इंग्रजी तुम्हाला फुकट मिळत होतं, आणि मशिनच्या खडखडाटाने तुमचं चिंतन मोडतं म्हणून मला आपल्या कासारवाडीच्या घरातल्या धुरकट स्वयंपाकघरात बसवलं होतंत. तिथेच त्या वाडीतली म्हातारी मोळी घेऊन यायची. एकदा म्हणाली, "तुजा बा दिवाळीनंतरच का येतो गं? आमी घरात नसताना तर चोर येतो." मी खूप हसले. मग हसू थांबलं. रात्रीपर्यंतही न थांबता दुपारी जेवतानाच तुम्हाला सांगितलं, की अण्णा, ते लोक परत येतात, तिची चार पोरं तिथेच पुरलेली आहेत. तुम्ही ताटावरून मान वर केली नाहीत. "तुला टाइप करायला बसवलंय. शास्त्र शिकवायला नाही."

पुस्तक निघालं, सत्कार झाले. पुढच्या श्रावणात कारखान्यासाठी माळाची मोजणी सुरू झाली. तुम्ही व्याख्यानमालेसाठी पंधरा दिवस मुंबईला गेला होतात. म्हातारी मागच्या दारात उभी आहे, मोळी नाही, पदर घट्ट खोचलेला.

"आमचं पुस्तक लिवलंय न्हवं तुज्या बानं? वाडीचं काय लिवलंय, वाच."

मी कपाटातली प्रत काढली, ते पान उघडलं. वाचवेना. इंग्रजीवर बोट ठेवून मी मराठीत म्हणाले, "हे लोक पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहतात."

तिचा चेहरा उजळला. "दे मग. सायबाला दावते."

नको म्हणायला मला खरं सांगावं लागलं असतं. तुमची लाज झाकली मी, आणि पुस्तक तिच्या हातात दिलं.

आठवड्याने तिने ते परत आणलं. "सायेब म्हनला, यात तर हितं कुनीच ऱ्हात न्हाई. उठा." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "त्याला वाचता येत न्हाई नीट. तू चल, बाय. तू वाच त्याच्यापुढं."

मी गेले नाही. आईला बरं नाही, असं सांगितलं. दसऱ्याआधी माळ साफ झाला. नंतर मोळी कोण आणायचं, मला आठवत नाही.

आयुष्यभर मी तुमच्यावर राग धरला, अण्णा. आजही तुमचं ते वाक्य मी माफ करणार नाही. पण तुम्ही मुंबईहून आलात, प्रतीवर चिखलाची बोटं पाहिलीत आणि ती तिचीच समजून आपल्याकडे भांडी घासणाऱ्या बाईला घालवून दिलंत, तेव्हा मी शेजारीच मशिनवर बसले होते. मान खाली घालून टाइप करत राहिले.