दार रुंद हवं म्हणे

रविवार, दिवेलागण

मी सांगतेय, सूनबाई लिहितेय. स्वतःच्या लेकीची बाजू घेऊन काही गाळू नकोस गं.

नात आर्किटेक्चरचं मास्टर्स करते, होस्टेलवर राहते. पुण्यातच, पण आज दिवाळीनंतर पहिल्यांदा उगवली. म्हाताऱ्यांसाठी घरं आखायचीत म्हणे. टेपने ओटा मोजला, मग उभं करून, बसवून मलाही मोजलं.

"आजी, म्हाताऱ्या माणसाला घरात काय लागतं गं?"

"येणारं-जाणारं माणूस."

"भारी! म्हणजे दार रुंद हवं," म्हणाली आणि लिहून घेतलं. चहाही न घेता पळाली.

दार रुंद! आमचं काय अरुंद होतं म्हणून अडली होतीस?

सूनबाई, उद्या फोन कर तिला. म्हणावं, आजी अजून थोडी वाकलीय, मापं पुन्हा घ्यायला ये.