बॅटऱ्या जोडीनेच बदलायच्या

दि. ९ मार्च

चि. खटपट्या यास,
अ. उ. आ.

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. घराबाहेर जाऊन बोलावं तर ह्यांच्या श्वासाच्या मशिनचा भोंगा ऐकू येत नाही, आणि आत बोलावं तर ह्यांना सगळं ऐकू जातं. हात, पाय, आवाज सगळं त्या आजाराने नेलं, पण कान मात्र तेज ठेवलेत. म्हणून शिवणाच्या मशिनवर कागद ठेवून लिहितेय. ह्यांना वाटेल, कुणाची मापं उतरवतेय.

मंगळवारी दुपारी वीज गेली. इन्व्हर्टरने नेहमीसारखा टक् आवाज केला, श्वासाचं मशिन चालू राहिलं, म्हणून मी हातातला ब्लाउज तसाच पुढे शिवत बसले. एक बाही जोडून होते न होते तोच इन्व्हर्टर किंचाळायला लागला. धावत गेले तर दिवे मालवलेले आणि मशिनही बंद. मशिनच्या आतली छोटी बॅटरी कधीच मेलीय, कंपनी म्हणते हे मॉडेल आता बनत नाही. मी गळ्याची नळी मशिनपासून सोडवली आणि इस्पितळाने दिलेला तो रबरी फुगा लावून दाबायला लागले. वीज येईपर्यंत दाबत होते. सासूबाई माझ्या पाठीशी उभ्या राहून माझ्याबरोबर श्वास घेत होत्या. मी फुगा दाबला की त्या आत घ्यायच्या, सोडला की बाहेर.

वीज आली तेव्हा माझी बोटं उघडेनात. सासूबाईंनी एकेक करून सोडवली.

बॅटरीवाल्याला बोलावलं. त्याने बटण दाबून चार हिरवे दिवे दाखवले, बॅटऱ्या ठणठणीत आहेत म्हणाला आणि चहा पिऊन गेला. तेव्हापासून मी अंघोळीला गेले तरी दार लोटून घेत नाही. फ्रिजने खट् केलं तरी धावत ह्यांच्या मशिनपाशी जाते. काय करू ते लिही. नवीन घ्यायच्या तर कुठल्या? आणि तुला येता येईल का?

आशीर्वाद आहेतच, उत्तराला मात्र उशीर लावू नकोस.

तुझी ताई

* * *

दि. १३ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आमच्या बॅटरीच्या खोलीतच उभ्याने वाचलं आणि मग खाली बसावं लागलं. इथे इस्पितळाच्या तळघरात एवढ्या बॅटऱ्यांची देखभाल करतो मी, आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरी ही तऱ्हा!

ते हिरवे दिवे विसर. बसलेल्या माणसाकडे बघून तो धडधाकट आहे म्हणावं, तसलं ते काम. चार पावलं चालवल्यावर कळतं. म्हणून असं कर. भाऊजींचं मशिन भिंतीतल्या सरळ लाइनवर ठेव आणि इन्व्हर्टरला फक्त दोन-तीन मोठे बल्ब लाव. मग इन्व्हर्टरची मेन लाइन बंद कर. बल्ब किती वेळ नीट जळतात ते बघ. बल्ब लवकर विझले तर बॅटऱ्या गेल्या, दिवे कितीही हिरवे असोत.

आणि तुमच्या बॅटऱ्या ज्यात ठेवल्यात ते कपाट उघड. बॅटऱ्या बंद कपाटात ठेवायच्या नसतात गं. चार्ज होताना त्यातून जो वायू निघतो, तो कोंडला आणि कुठे ठिणगी पडली तर भडका उडतो. म्हणून आधी खिडकी उघड, जवळ देवाचा दिवासुद्धा नको. मग बॅटऱ्यांची अंगं बघ. कुठे पोट फुगलंय का, सडक्या अंड्यासारखा वास येतोय का, पाण्याच्या नळ्यांमधले पातळी दाखवणारे तरंगे खाली बसलेत का. पाणी घालायचं झालं तर फक्त बॅटरीचं पाणी. नळाचं नाही, गाळलेलं नाही, उकळलेलंही नाही. आत ॲसिड असतं, तेव्हा बांगड्या काढ, अंगठी काढ, डोळ्यांवर चष्मा लाव.

मला येता येत नाहीये. माझा कामावरचा जोडीदार रजेवर आहे. गेल्या महिन्यात एक बॅटरी त्याच्या समोरच फुटली, दोन्ही हात भाजले. तुला घाबरवायला नाही सांगत, चष्मा विसरशील म्हणून सांगतोय. तो कामावर येईपर्यंत इथे मी एकटा आहे, आणि वरच्या मजल्यांवरही भाऊजींसारखी माणसं मशिनवर आहेत.

लहानपणी माझ्या टॉर्चचे सेल तू चाटून बघायचीस, तसलं काही इथे करू नकोस.

तुझाच,
खटपट्या

* * *

दि. १८ मार्च

चि. खटपट्या यास,
अ. उ. आ.

सेल तू चाटायचास. मी नुसती तुझं नाव सांगायला जायचे.

कपाट उघडलं. उघडल्याबरोबर वासाने डोळ्यांत पाणी आलं. उजवीकडची बॅटरी अशी फुगलीय, जणू आत कुणी श्वास कोंडून बसलंय. नळ्यांमधले तरंगे मात्र काठोकाठ वर. हात लावला तर गरम. मी सासूबाईंना विचारलं, ह्यात कुणी पाणी घातलं होतं का. त्या म्हणाल्या, आपल्या मुलाची बॅटरी आहे म्हणून त्या रोज पिण्याचं स्वच्छ पाणी घालत आल्यात, कधी चुकल्या नाहीत. मी त्यांचा तांब्या उचलून स्वयंपाकघरात ठेवला.

बल्ब लावून बघितले. मी पलंगाशी येऊन ह्यांची उशी सरळ केली, तेवढ्यात ते पिवळे पडले आणि गेले. म्हणजे इतके दिवस आम्ही नुसत्या आशेवर जगत होतो.

बॅटरीवाला म्हणतो, डावी चांगली आहे, फुगलेली तेवढी बदलून देतो. इकडे धाकटे दीर म्हणतात, एक ऑफिस बंद होतंय, तिथल्या दोन बॅटऱ्या ते आणतायत, दोन वर्षं जुन्या पण वापर कमी. रविवारी बसवू म्हणतात. भावावर जीव आहे त्यांचा. परवा ह्यांचे पाय चोळताना रडत होते. त्यांना नको कसं म्हणू? पण मला ह्यातलं काहीच पटत नाहीये, आणि का पटत नाही तेही सांगता येत नाही.

रात्री मी दोनदा उठते आणि हात लावून बघते, आधी ह्यांच्या कपाळाला आणि मग बॅटरीला.

लोभ तर जन्माचा आहे, आता जरा अक्कल पाठव.

तुझी ताई

* * *

दि. २१ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर ओरडलो त्याबद्दल रागावू नकोस. पत्राची वाट बघितली असती तर रविवार उलटून गेला असता. तू नुसतं हो, बरं, बघते एवढंच म्हणत होतीस. भाऊजी शेजारी असणार हे कळत होतं, तरी तोंडाला लगाम राहिला नाही. आता शांतपणे लिहितो.

दोन बॅटऱ्या एकाच दोरीला जुंपलेल्या बैलांसारख्या. एक नवी आणि एक थकलेली अशी जोडी लावलीस तर थकलेली लवकर रिकामी होते, नवीलाही खाली ओढते, आणि चार्ज होताना त्यातली एक उकळते. तेव्हा बदलायच्या तर जोडीनेच. एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या, एकाच महिन्यात बनलेल्या. महिना बॅटरीवर छापलेला असतो, तो स्वतः वाच. ऑफिसातल्या बॅटऱ्या वापर कमी म्हणून चांगल्या असतील असं नाही. पडून राहिलेली बॅटरी आतून क्षार साचून मरते. धाकट्या दिरांना सांग, त्यांच्या त्या बॅटऱ्यांवर पंखा नि दिवे चालवू. भाऊजींचा श्वास नको.

गाडीची बॅटरी गळ्यात मारतील, ती घेऊ नकोस. ती इंजिन सुरू करायला एक जोराचा धक्का देते, तासन् तास ओढायला नसते. तुला उंच नळीवाली, दुकानात ‘टॉल ट्युब्युलर’ म्हणतात ती, घरच्या इन्व्हर्टरची हवी. क्षमता आत्तापेक्षा एक पायरी वरची घे, पण आपला इन्व्हर्टर ती पेलेल का हे दुकानात विचारून मग घे. दुकानातच पुरती चार्ज करून आणायला सांग.

बदलताना आधी काळी तार सोडवायची, लावताना काळी सगळ्यात शेवटी. पान्याला चिकटपट्टी गुंडाळून घे. जुन्या तारा एकसारख्या मळल्या असतील, तेव्हा सोडवण्याआधीच लालवर खूण कर. उलट्या लागल्या तर इन्व्हर्टर जळेल. आणि रबरी फुगा हाताशी ठेव. बॅटऱ्या निघालेल्या असताना वीज गेली तर तुमच्याकडे दुसरं काहीही नाही.

झालं की लगेच कळव. तोवर मला अन्न गोड लागणार नाही.

तुझा,
खटपट्या

* * *

दि. २७ मार्च

चि. खटपट्या यास,
अ. उ. आ.

झालं. आधी एवढंच वाच आणि दोन घास खा.

बॅटऱ्या काल सकाळी आल्या. छापलेले महिने मी वाचले. एकीवर जानेवारी, दुसरीवर आदल्या सालचा ऑगस्ट. बॅटरीवाला म्हणाला, एवढ्याने काही होत नाही. मी म्हटलं, मग तुमच्या घरी लावा. मी त्यांच्या बॅटऱ्या नाकारल्याचं धाकट्या दिरांना आधी थोडं लागलं होतं, पण त्या क्षणी तेच उठले आणि त्याच्याबरोबर दुकानात जाऊन जानेवारीची दुसरी घेऊन आले.

मशिन भिंतीच्या लाइनवर टाकलं. लाल तारेला मी शिवणातल्या लाल कापडाची चिंधी बांधली. जुन्या दोन्ही निघाल्या, फुगलेली तर कपाटात अडकली होती, दोघांनी हलवून हलवून काढली. नव्या आत सरकवल्या आणि वीज गेली.

मी आधीच फुगा घेऊन पलंगाशी उभी होते, तरी बंद पडलेल्या मशिनकडेच बघत राहिले. सासूबाईंनी मला ढकललं. खरोखर ढकललं. मग हात आपोआप चालायला लागले. बॅटरीवाला घाईत चिकटपट्टी न लावलेला पाना उचलून भिडला, पाना बॅटरीच्या दोन्ही टोकांना टेकला आणि अशी ठिणगी उडाली की खोली क्षणभर पांढरी झाली. तो पाना टाकून मागे सरकला. धाकटे दीर भिंतीला टेकून मटकन खाली बसले. दोघंही तारांकडे बघायचे, पण हात लावायला कुणी धजेना. बॅटरीवाला म्हणायला लागला की लाल कुठली तेच आता त्याला समजत नाहीये. मी फुगा सोडू शकत नव्हते. मी नुसती ओरडत होते, चिंधी बघा, चिंधी बघा.

शेवटी धाकट्या दिरांनीच उठून तारा लावल्या. लाल, मग दोन बॅटऱ्यांना जोडणारी मधली पट्टी, मग सगळ्यात शेवटी काळी. टक् झालं. मी मशिन इन्व्हर्टरवर घेतलं, नळी जोडली, ह्यांची छाती वर आली आणि मग मी मोरीत जाऊन उलटी केली.

वीज दिवेलागणीला आली. तोवर मशिन एका लयीत चाललं होतं. बॅटरीवाला तोपर्यंत दाराशी बसून होता, जा म्हटलं तरी गेला नाही. कपाटाची दारं आता काढून टाकलीत. बॅटरीचं पाणी सासूबाईंनी स्वतः आणलंय आणि महिन्यातून एकदा मला विचारूनच घालणार म्हणतात.

सगळं ठीक झालं, मग मला अजून भीती का वाटते रे? आता तर जास्तच वाटते. झोप म्हणून येत नाही.

तुला औक्षवंत हो म्हणते, आणखी काय पाठवू.

तुझी ताई

* * *

दि. २९ मार्च

मेहुणेबुवांस,

हे पत्र आई लिहितेय. ती पाटीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवते, हवं ते आलं की मी डोळा मिटतो. एक ओळ व्हायला चहा निवतो, म्हणून नमस्कार-चमत्कार गाळतो. तुमची ताई कपडे द्यायला गेली आहे.

त्या दिवशी मला भीती वाटली. खूप वाटली. खोटं बोलायला अक्षरं परवडत नाहीत. पण हवा येत होती. तिचे हात चुकत नव्हते. मी तिच्या ओठांकडे बघत होतो. फुगा दाबताना प्रत्येक वेळी ती हळूच माफ करा म्हणत होती. आधीच्या मंगळवारीही म्हणत होती.

मला आता त्या माफीचीच भीती वाटते. एखाद्या दिवशी वीज येणार नाही, किंवा तार तुटेल, किंवा तिला झोप लागेल. मी तिला काही सांगायला गेलो की ती पाटी उचलून ठेवते. म्हणून तुम्हाला सांगतो. तसं झालं तर तिला सांगा, चूक तिची नव्हती. मी सांगितलंय म्हणून सांगा.

नव्या बॅटऱ्या चांगल्या आहेत. आवाजावरून कळतं.

ता. क. ह्याचे डोळे दमले, म्हणून इथे थांबले. माझंही म्हणणं तेच आहे रे बाबा. अक्षर हललंय ते म्हातारपणामुळे नाही. — आई

* * *

दि. ३ एप्रिल

ति. भाऊजींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. माझा जोडीदार हातमोजे चढवून कालपासून कामावर आला आहे. पत्र न दाखवताच मी रजा मागितली, तर त्याने माझी पिशवी स्वतः भरून दिली.

तुमचं काम मी करणार नाही. म्हणजे, तुम्ही म्हणता तेव्हा नाही. शनिवारी येतोय, तुमच्या पलंगाशी तिला बसवतो आणि तुमच्या देखत सांगतो, की तिचं काहीएक चुकलेलं नाही आणि उद्या काही झालं तरी चुकलेलं नसेल. ती उठून जायला लागेल, पाटी शोधेल, मशिनच्या नळ्या उगाच बघेल. तेव्हा तुम्ही फक्त तिच्याकडे बघत राहा. डोळे मिटू नका.

मग रात्री मशिनपाशी मी बसेन, आणि ती झोपेल.

येतोच.

तुमचा,
मेहुणा