एकटीची सभा

आप्पा,

मी जर्मनीत कंपनी काढली. तुम्ही असता तर आधी विचारलं असतं, कागद कुणी वाचून दाखवला? म्हणून तेच पहिल्यांदा सांगते. तिकडे कायदाच तसा आहे. कंपनी स्थापन करायची तर नोटरीसमोर जाऊन बसायचं, आणि तो माणूस कंपनीचा करार पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्यानं वाचतो. ऐकणाऱ्याला ती भाषा येत नसेल तर शेजारी दुभाषी बसवतात. वाचून झाल्याशिवाय सही घेत नाहीत. हे मला कळलं तेव्हा मी चिंचवडच्या घरात होते, आणि एकदम मोठ्यानं म्हणाले, "आप्पा, ऐकलंत का?" माइक बंद पडला तरी हजार माणसांपर्यंत पोचणारा आवाज आहे माझा. दोन खोल्यांच्या रिकाम्या घरात तो फार मोठा वाटतो. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली.

स्टेशनपलीकडची आपली खोली आठवते. पहिली शिफ्ट करून तुम्ही चारला येता, हातपाय धुता आणि स्टोव्हपाशी बसता. आई अजून कामावरून यायची आहे. तुमच्यापुढे लसणाचा गड्डा, माझ्यापुढे कागद. कंपनीची नोटीस, युनियनचं पत्रक, माझ्या शाळेची फीची चिठ्ठी, जे असेल ते. रात्रशाळेत तुम्ही सही शिकला होतात, वाचणं राहून गेलं होतं. एक परिच्छेद झाला की तुम्ही म्हणता, "पुढं." कळलं नाही तर हातातली पाकळी खाली ठेवता. "थांब. परत वाच." माझं बोलणं ऐकून लोक म्हणतात, बाईंनी पुस्तकं फार वाचलीत. वाचली आहेत, तीन कपाटं भरून. पण समोरच्या माणसाला आपलं बोलणं पोचलं की नाही हे ओळखायला मी त्या स्टोव्हपाशी शिकले, तुमची बोटं कधी थांबतात ते बघत.

नववीत असताना जयंतीच्या सभेत मी भाषण केलं आणि वस्तीनं मला डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी कंपनीची नोटीसही मी भाषणासारखीच वाचली, हात हलवत, आवाज चढवत. तुम्ही लसूण ठेवला. "मधलं गाळलंस तू."

"मधे नुसती कलमं आहेत, आप्पा. काही नाही त्यात."

"तितंच मारतेत, पोरी. टाळ्याचं तेवढं वाचू नको." मग म्हणालात, "मला अक्षर कळत न्हाई, पर बोट किती सरकलं ते कळतंय की."

चार दिवसांनी फोरमनला विचारून तुम्ही एक सहा इंची स्टीलची पट्टी घरी आणली. आकडे झिजल्यामुळे कामातून काढलेली. "वळीखाली धर. म्हंजी उडी मारता येत न्हाई." आयुष्यात मला ढाली-करंडक पुष्कळ मिळाले, आप्पा. वापरात राहिलेली वस्तू एवढीच.

तुमच्या कंपनीत सह्या घेतल्या तो दिवस मी शेकडो भाषणांत सांगितला आहे. सकाळी निघताना तुम्ही मला म्हणालात, "आज चारला घरी ये. कागद देणार हायती, वाचायचाय. पाचपर्यंत साहेब सह्या घेणार हाय." मी पुण्यात वक्तृत्व स्पर्धेला चालले होते. तीनच्या लोकलनं येते म्हणाले. आले तेव्हा सात वाजले होते आणि माझ्या हातात ढाल होती. गाडी चुकली, मी म्हणाले. तुम्ही म्हणालात, "असू दे. पयला नंबर का?" मग मी पट्टी धरून तो कागद वाचला. तिसऱ्या परिच्छेदात होतं, जुन्या कंपनीचा राजीनामा आणि नव्या कंपनीत नेमणूक. तुम्ही "पुढं" म्हणाला नाहीत आणि "परत वाच"ही म्हणाला नाहीत. तोवर सगळ्यांबरोबर रांगेत उभं राहून सही करून आला होतात. नव्या कंपनीचं शेड तेच, मशीन तेच, पाटी तेवढी वेगळी. वर्ष भरायच्या आत तिला कुलूप लागलं. भिंतीपलीकडे जुनी कंपनी चालूच होती, आणि साहेब गेटवर येऊन सांगत होता, "ती कंपनी वेगळी, ही कंपनी वेगळी." त्या गेटवर मी माझं पहिलं गेटभाषण केलं. तुम्ही सगळ्यांच्या मागे उभे होतात. त्यानंतर मात्र तुम्ही मला कधीही काही वाचायला सांगितलं नाही. कागद घेऊन शेजारच्या मास्तरांकडे जायचात. मी घरात असायचे तरी.

आता पुढचं. मी टूलरूमचं, साचे आणि मापं बनवायचं, काम शिकले, नोकरीला लागले, युनियनची सेक्रेटरी झाले, संपात बोलले आणि संपानंतर बाहेर काढली गेले. माझ्याबरोबर काढलेल्या पाच जणांना घेऊन चाकणजवळ निघोज्यात शेड भाड्यानं घेतली. गाड्यांचे सुटे भाग बरोबर बनलेत का, हे तपासायची मापं आम्ही बनवतो. आज आम्ही चौदा जण आहोत. आमची मापं जर्मनीतल्या एका कारखान्यात जातात. त्यांनी गेल्या वर्षी कळवलं, पुढचं काम हवं असेल तर आमच्या देशात तुमची कंपनी पाहिजे, माप चुकलं तर आम्ही समुद्रापलीकडे कुणाला शोधत बसणार नाही. अशा कंपनीच्या नावातच तिकडे लिहितात, मर्यादित जबाबदारीची. माप चुकलं, त्यांची लाइन थांबली, भरपाईचा दावा आला, तर तो त्या कंपनीपाशी थांबतो, आपल्या शेडपर्यंत येत नाही. कंपनी काढली नाही तर चौदा जणांचं निम्मं काम जातं. काढली तर मी त्याच दारातून आत जाते, ज्या दारातून तुमचा मालक निसटला. त्या पहिल्या गेटभाषणापासून मी गेटागेटावर सांगत आले की मालकानं अंग काढून घेण्यासाठी शोधलेली सगळ्यात साळसूद युक्ती म्हणजे दुसरी कंपनी. ते आजही खरं आहे. मी त्यातला एक शब्द मागे घेत नाही.

म्हणून जायच्या आधी, जेवणाच्या सुट्टीत, मी कराराचा मराठी मसुदा शेडमध्ये सगळ्यांना वाचून दाखवला. ओळीखाली पट्टी धरून. जबाबदारीच्या कलमावर आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसानं डबा बाजूला सरकवला. हा मूळचा निघोज्याचाच, माझ्याबरोबर संपानंतर काढलेला. वयानं मोठा, तरी मला ताई म्हणतो, आणि आम्ही सगळे त्याला मामा म्हणतो.

"थांब ताई. म्हंजी कंपनी बुडाली तर तू मोकळी?"

मी बोलायला उठले. बाजार कसा चालतो, मोठे कारखाने लहानांना कसे पिळतात, कायद्याचं हत्यार फक्त मालकांच्याच हातात का राहावं, असं वीसेक मिनिटं बोलले. शेडमधल्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. मामानं बोटं चाटून डब्याचं झाकण लावलं. "भाषण बेस झालं. आता आमी इचारलं त्याचं व्हय का न्हाई तेवढं सांग."

"सोडा हो मामा," एक पोरगी म्हणाली, "ताई आता शेटाणी होनार. गॉगल लावून येत्याल, आपल्याला वळखनार बी न्हाईत." सगळे हसले, मीही हसले. सुट्टी संपली. उत्तर न देताच मी विमानात बसले.

नोटरी म्हातारा होता, आणि कंडक्टर स्टॉप पुकारतो तसा वाचत होता. इतक्या वाईट वाचनावर त्या देशात कंपन्या उभ्या राहतात हे पाहून मला नवल वाटलं. मला इंग्रजी येतं, पण सही करायची तर मराठीत ऐकून, असं मी हट्टानं सांगितलं होतं. कंपनीच्या कागदपत्रांसाठी घेतलेला आमचा सल्लागार वैतागला होता. शेवटी तिथंच राहणारी, मूळची सोलापूरची एक बाई दुभाषी म्हणून मिळाली. "ताई, मराठीसाठी मला पहिल्यांदाच कुणी बोलावलं," ती म्हणाली. "एरवी हिंदीच. मला रात्री बसून शब्द आठवावे लागले हो." मी पट्टी काढून माझ्या प्रतीवर ठेवली. भाषा येत नव्हती, पण ओळी तर मोजता येत होत्या. पहिला परिच्छेद तिनं मराठीत सांगितला आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "पुढं." तिनं ते जर्मनमध्ये सांगितलं. दुसऱ्यालाही तसंच. चौथ्या-पाचव्या परिच्छेदापासून तो म्हातारा वाचून झालं की थांबायचा, चष्म्यावरून माझ्याकडे बघायचा आणि वाट बघायचा. वाचायचाही सावकाश. ते कलम आलं तेव्हा मी म्हणाले, "थांबा. परत वाचा." त्यानं परत वाचलं. मी विचारलं, कंपनी बुडाली तर तिथं काम करणाऱ्यांनी कुणाकडे बघायचं? दुभाषी बाईनं माझ्याकडे पाहिलं, मग विचारलं. त्यानं मागचीपुढची पानं उलटून पाहिली. म्हणाला, हा प्रश्न बरोबर आहे, पण त्याचं उत्तर या कागदात नाही.

मी सही केली, आप्पा.

पुढची गंमत ऐका. कंपनीची एकटी मालक मीच, म्हणून सभासदांची सभाही माझी एकटीचीच. करारातच लिहिलं होतं, सभा भरली, सर्व सभासद हजर होते, व्यवस्थापक म्हणून माझी नेमणूक करण्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला. दुभाषी बाईला हसू आवरेना. "सूचक तुम्ही, अनुमोदक तुम्ही, ताई. आभार कोण मानणार?" तिच्याबरोबर मी पोट धरून हसले. मग तिची पाचची गाडी होती, ती गेली. त्या गावात माझं मराठी समजेल असं तेवढं एकच माणूस होतं. मी चौकात एका बाकावर बसले. ऊन होतं, लोक कुत्री फिरवत होते, समोर सभेला चांगला असा मोठा मोकळा चौक होता. आयुष्यभर मी माणसांनी भरलेल्या जागेत बोलले, आणि माझ्या नावावरची सगळ्यात पक्की, कायद्यानं शिक्का मारलेली सभा ही अशी निघाली. घरी फोन लावावा तर घरी उचलायला कुणी नाही. पट्टी हातात होती. तुम्हाला सांगावंसं वाटलं, सगळं वाचलं, मधलं काही गाळलं नाही.

सरकारी नोंद व्हायला काही आठवडे लागतात. तोवर कंपनी होऊ घातलेली असते, आणि तिच्या नावानं जे काही करू त्याची जबाबदारी करणाऱ्याच्या अंगावर असते, पुरी. ते आठवडे मी चाकणच्या रस्त्यानं मान ताठ ठेवून चालले. नोंद झाल्याचं कळलं त्या दिवशी शेडमध्ये पेढे वाटायच्या आधी मी मामापुढे जाऊन उभी राहिले.

"व्हय," मी म्हणाले. "तिकडची बुडाली तर मी मोकळी. इथली बुडाली तर नाही. इथली माझ्या स्वतःच्या नावावर आहे, तशीच राहील."

"आन् इथलं कुनी तिकडच्या कागदावर?"

"एकही नाही. कुणाचा राजीनामा नाही, कुणाला नवीन पत्र नाही."

"लिहून दे."

तिथंच लिहिलं. "वाच," तो म्हणाला. वाचलं. कंप्रेसर चालू होता, म्हणून परत वाचायला लावलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मामानं कागदाची घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवली, पेढा तोंडात टाकला आणि मशीनवर गेला. माझी सगळ्यात लहान सभा, आणि कदाचित तेवढीच एक, जिच्यात मी विचारलेल्याचंच उत्तर दिलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, आणि टाकलं तरी ते तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवावं लागणार. आज रविवारी दुपारी मी ते पट्टी धरून एकदा मोठ्यानं वाचलं. वाचताना दिसलं की यातही मी एक ओळ गाळली आहे, आजवर गाळत आले तीच. त्या दिवशी माझी गाडी चुकली नव्हती. तीनची लोकल शिवाजीनगरला वेळेवर आली. मी फलाटावर ढाल घेऊन उभी होते. स्पर्धेचे दोन कार्यकर्ते धावत आले आणि म्हणाले, बाहेरगावचे पाहुणे उशिरा पोचले आहेत, त्यांच्यासाठी तेच भाषण पुन्हा करशील का? तुम्ही चारला स्टोव्हपाशी बसणार हे मला आठवत होतं. मी गाडी सोडली.

टाळ्या फार पडल्या, आप्पा.